सतरंजीची कात

८ जून २००८, रविवार. क्लेटन

आज रुचा राहायला आली. कोल्हापूरची पोर, अकाउंटिंगचं मास्टर्स करायला फेब्रुवारीत आलीये. आतापर्यंत स्टेशनजवळच्या एका घरात हॉलमध्ये गादी टाकून राहत होती, बाकीच्या मुलींबरोबर. सध्या क्लेटनमध्ये घरोघरी हेच. इंडियन ग्रोसरीच्या दारावर 'रूम हवी'च्या चिठ्ठ्या एकीवर एक चिकटवलेल्या असतात. युनिच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मी काउंटरवर असते तेव्हा ही मुलं हीटरजवळच्या खुर्च्या धरून झोपलेली दिसतात. रुचा त्यांतलीच. शेवटी मीच विचारलं, येतेस का आमच्याकडे.

तिला स्टडी दिली. माझ्या मुलाच्या, निमिषच्या खोलीत सतरंजी राहते, हे दारातच सांगून टाकलं.

"सतरंजी म्हणजे, काकू?"

"अजगर."

तिने बॅग खाली ठेवली नाही. मग मी तिला काचेची पेटी दाखवली, पेटीला कुलूप आहे हे दाखवलं, आणि नावाची गोष्ट सांगितली. निमिष बारा वर्षांचा असताना हट्ट करकरून कार्पेट पायथन आणला. पाळायचं लायसन्स माझ्या नवऱ्याच्या, प्रल्हादच्या नावावर. 'आई, कार्पेटला मराठीत काय?' मी म्हटलं सतरंजी. तेच नाव पडलं. आता ती माझ्याहून लांब आहे आणि गॅरेजमधल्या वेगळ्या फ्रीजरमधले उंदीर मी तिच्यासाठी कोमट पाण्यात वितळवते. माझ्या आईने हे पाहिलं असतं तर माझ्या हातचं पाणी प्यायली नसती.

निमिषबद्दल रुचाने विचारलं नाही. मी म्हटलं, बेंडिगोला असतो, बेकरीत शिकतोय. एवढंच. दुसऱ्या वर्षाला युनि सोडली, बाप म्हणाला, 'तुला पाव भाजायला आणलं का मी या देशात?' आणि तो त्याच संध्याकाळी गेला, हे पहिल्याच दिवशी काय सांगायचं. तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत, म्हणून सतरंजी इथे.

मला ते बरंच वाटतं. निमिष फोन उचलत नाही, पण सतरंजीबद्दल मेसेज केला की उत्तर देतो. 'जेवलास का' विचारलं तर काही नाही. 'सतरंजी जेवली' लिहिलं तर लगेच: 'गुड. थँक्स आई.'

१७ जून, मंगळवार

जून म्हणजे इथला हिवाळा, थंडी वाढलीये. सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा लागला.

रुचाची मैत्रीण चारुता जागा शोधतेय. तिच्या घरमालकाने आणखी दोघींना आणून ठेवलं, आता ती किचनमध्ये झोपते. मी जेवताना प्रल्हादला म्हटलं, निमिषची खोली देऊ या का तिला.

"त्या खोलीत साप आहे."

"सतरंजीला हॉलमध्ये ठेवू."

"हॉलमध्ये वारा लागतो."

"खोलीत काय ऊब आहे? हीटिंगचं तोंड तूच बंद केलंयस तिथलं."

"नको म्हटलं ना, श्यामला."

आणि ताट उचलून गेला. मे महिन्यात यानेच 'रिकामी खोली कशाला तापवायची' म्हणून जमिनीतली ती जाळी पायाने सरकवून बंद केली होती. मुलाचं नाव घेत नाही, मुलाचा साप आवडत नाही. मग ती खोली तरी याला कशाला हवी आहे, मला कळत नाही. दिवसभर दवाखान्यात लोकांशी इतका प्रेमाने बोलतो. डँडेनाँगच्या म्हाताऱ्या पेशंट बायका ख्रिसमसला केक पाठवतात त्याला.

२६ जून, गुरुवार

सतरंजीने उंदीर घेतला नाही. चिमट्यात धरून किती वेळ उभी होते. ती पेटीच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे खाली गरम मॅट आहे, तिथेच वेटोळं करून पडून आहे. हल्ली तिथून हलतच नाही. पोटाकडची बाजू गुलाबीसर दिसतेय.

म्हणजे कात टाकणार! दरवेळी आधी असंच होतं. जेवण सोडते, रंग उतरतो, पोट गुलाबी होतं. निमिषला कळवलं. लगेच उत्तर: 'प्रॉबेब्ली शेडिंग. डोळे निळे झालेत का?'

कात टाकण्याआधी तिचे डोळे दुधाळ निळे होतात, मोतीबिंदू झाल्यासारखे. मी टॉर्च घेऊन पाहिलं. काळेभोर दिसले. टॉर्चच्या उजेडामुळे असेल. मी लिहिलं, 'थोडे.'

त्याने हसणारा चेहरा पाठवला. किती महिन्यांनी.

निमिष तिची प्रत्येक कात जपून ठेवायचा, पुठ्ठ्याच्या लांब नळीत. शाळेतून आला की आधी खोलीत पळायचा, आणि अखंड निघालेली कात दोन्ही हातांवर घेऊन किचनमध्ये यायचा, 'आई, बघ, डोळ्यांवरचे चष्मेपण निघालेत.' ही कात पडली की मी त्याला सांगणार, पोस्टाने नाही पाठवणार, चुरा होईल. येऊन घेऊन जा.

१ जुलै, मंगळवार

निमिषच्या खोलीच्या खिडकीत चहाचा मग सापडला. तळाशी साय वाळलेली. रुचाला म्हटलं, अगं, तिथे अभ्यास करायला हरकत नाही, पण मग उचलत जा.

"मी? काकू, मी एकटी जाईन होय त्या खोलीत!"

विसरली असेल. कामाच्या शिफ्टहून येते तेव्हा झोपेतच असते पोर. मग धुऊन टाकला.

जेवताना प्रल्हादने एकदम विचारलं, "तिला थंडी वाजते का गं?"

मला बरं वाटलं. रुचा आल्यापासून पहिल्यांदा चौकशी केली त्याने. म्हटलं, "मी दिलाय की तिला जास्तीचा डूना, पांघरायला."

त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि वरणाची वाटी पुढे ओढली.

सतरंजी अजून तशीच.

५ जुलै, शनिवार

कात नाही. रुचाला सुट्टी होती, तिला जरा धीर आलाय. मी पेटी उघडली आणि ती दारातून वाकून बघत होती.

"काकू, तो डाग बघितलात का?"

पोटाच्या एका बाजूला हातभर लांबीचा पट्टा, मध्ये लाल, कडेने तपकिरी. दोन-तीन खवले ओलसर दिसले.

"कातीच्या आधी होतं असं."

"पण एकाच बाजूला? माझ्या आईचा हात वाफेने भाजला होता ना, तेव्हा अस्साच..."

"रुचा, मी नऊ वर्षं बघतेय तिला."

मी जरा जोरातच बोलले. तिचा चेहरा उतरला. मग संध्याकाळी तिच्यासाठी मुद्दाम थालीपीठ लावलं, तिने गुपचूप खाल्लं. पण ही आत्ता आलेली मुलगी मला सांगणार का?

हवा कोरडी असली की कात अडकते, निमिषनेच सांगितलेलं आहे. म्हणून ओला टॉवेल पेटीत ठेवलाय. निमिषला लिहिलं, 'एक-दोन दिवसांत पडेल. तू रविवारी येशील का?' त्याने लिहिलं, 'मे बी.'

मे बी म्हणजे नाही नव्हे.

८ जुलै, मंगळवार

रात्री उशिरा लिहितेय.

लायब्ररीतून आले तर खोलीत वास होता. ओल्या जखमेचा. टॉवेल बाजूला केला तर त्या पट्ट्यावरची कातडी सुटलेली दिसली. आणि मी खूश झाले! कात सुटायला लागली म्हणून. तिला मदत करावी म्हणून मी ते टोक बोटांनी धरलं आणि हलकेच ओढलं. खाली लाल मांस. सतरंजी ताडकन आखडली आणि माझ्यावर फुत्कारली. एवढ्या वर्षांत कधी नाही. डोळे माझ्याकडे लागलेले, काळे, स्वच्छ. जराही निळे नाहीत. कधीच नव्हते.

मी प्रल्हादला दवाखान्यात फोन केला. त्याने काही विचारलं नाही, पेशंट बसलेले सोडून आला.

खोलीतला पडदा खाली होता, अंधार. तो आत आला आणि दिवा लावायच्याही आधी पेटीच्या मागे हात घालून मॅटचा नॉब मागे फिरवला. मग दिवा लावला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "भाजलंय."

डॉक्टरची नजर ती. इतके दिवस बघून मला कळलं नाही.

त्यानेच तिला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्रा आपल्या कोटात गुंडाळला. सापाला कधी हात न लावलेला माणूस. गाडी मी चालवली, तो मागे तिला मांडीवर घेऊन बसला.

व्हेट बाई तरुण आहे, शांत. तिने जखम धुतली आणि मला समजावून सांगितलं. कात टाकायची असते तेव्हा सगळं अंग एकसारखं मळकट होतं आणि डोळे दोन्ही पांढुरके निळे. भाजलेलं असतं ते एकाच जागी, गरम वस्तूला टेकणाऱ्या अंगाला. लाल, मग तपकिरी, फोड, पाणी. कात पडली तरी तो डाग जात नाही. पोट गुलाबी दोन्हींत दिसू शकतं, म्हणून लोक फसतात, म्हणाली.

"पण चटका बसत असताना ती उठून का नाही गेली?" मी विचारलं.

"बाकीची पेटी थंड असेल तर त्या ऊब सोडत नाहीत. भाजत असलं तरी."

मग तिने विचारलं, मॅट इतकी गरम कधीपासून आहे? मी म्हटलं, शक्यच नाही, नॉबला कोणी हात लावत नाही, निमिषने टेप लावून खूण केलीये. थर्मोस्टॅट बिघडला असेल. प्रल्हाद भिंतीवरचा कासवांचा तक्ता वाचत होता.

इंजेक्शनं, मलम. पेटीत नुसते स्वच्छ कागद घालायचे, रोज बदलायचे. वाचेल म्हणाली, पण वेळ लागेल.

निमिषला कळवायचं आहे. फोन हातात घेऊन बसले. 'थोडे' हा शब्द अजून त्या फोनमध्ये आहे.

९ जुलै, बुधवार

प्रल्हाद दुपारी घरी आला. दुपारी तो कधी येत नाही. म्हणाला, "नंबर दे."

"मी सांगते त्याला. माझी चूक आहे."

"नंबर दे, श्यामला."

बेकरीतली पोरं पहाटेच्या शिफ्टनंतर दुपारी घरी असतात. त्याने लँडलाइनवरून फोन लावला. मी किचनमध्ये पोळ्यांची कणीक मळत उभी राहिले आणि नळ बंद केला. निमिष काय बोलत होता ते मला कळलं नाही, फक्त याचं ऐकू आलं.

"निमिष, बाबा बोलतोय."

मी कणीक मळायची थांबले.

"नाही, आई बरी आहे. सतरंजीला भाजलंय. पोटाला... नाही, थर्मोस्टॅट ठीक आहे. मी वाढवलं होतं... हो, मीच. आईला माहीत नाही."

मग म्हणाला, "बसायचो मी तिथे. रोज, दवाखान्यातून आल्यावर. तुझी आई लायब्ररीत असायची, नाहीतर किचनमध्ये. काचेला हात लावला तर गार लागायची. मला वाटलं, कुडकुडतेय. थोडं वाढवलं. मग आणखी थोडं."

आणि मग फक्त, "हो... हो... हो रे."

माझे हात कणकेत होते. मला राग आला, खूप. हा रोज त्या खोलीत बसत होता आणि माझ्याशी एक अक्षर नाही. मी याच भिंतीपलीकडे भाजी चिरत होते. दोघांनी एकत्र बसता आलं असतं की त्या पलंगावर.

त्याने फोन ठेवला आणि आत आला. डोळे लाल. म्हणाला, "शनिवारी येतोय."

रागावून काही बोलणार होते, ते राहिलंच.

१२ जुलै, शनिवार

आला. स्टेशनवर मी एकटी गेले. खूप बारीक झालाय, केस वाढलेत, जॅकेटला यीस्टचा वास. मिठी मारली तेव्हा त्याने मला उचललंच जवळजवळ. गाडीत बोलला ते सतरंजीबद्दल. मध्येच म्हणाला, "आई, यू सेड हर आइज वेअर ब्लू."

"मला तसं वाटलं."

खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नो वरीज." मला ते दोन शब्द आवडले नाहीत. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर बाप-लेक एकमेकांना काय म्हणणार याची मला धास्ती होती. निमिष सरळ खोलीत गेला, सतरंजीला उचलून खांद्यावर घेतलं आणि ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा सैल झाली, त्याच्या मानेभोवती. प्रल्हाद हात धुऊन आला. निमिषने तिला धरलं, याने जखम पुसली, मलम लावलं.

"टू मच?" निमिषने विचारलं.

"नाही, पातळच लावतोय. कड बघ, वाळतेय."

"सेंटर इज स्टिल वेट."

"ते शेवटी भरतं."

एवढंच संभाषण. रुचा आणि मी दारात उभ्या. मी रुचाचा हात धरला होता. तिला म्हटलं, तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. ती म्हणाली, "जाऊ दे हो काकू."

मग निमिषने जॅकेट काढलं, बाह्या वर केल्या, हात धुवायला. आणि मला दिसलं. मनगटापासून कोपरापर्यंत आडवे पट्टे. काही जुने, पांढुरके, गुळगुळीत. काही तपकिरी. एक ताजा, लाल, कडेला फोड. या आठवड्यात मी दुसरं काही शिकलेच नाहीये. कुठला कधीचा ते मला सांगता आलं असतं.

"हे काय?"

"ओव्हन ट्रेज, आई. इट्स नॉर्मल. एव्हरी बेकर्स गॉट देम."

प्रल्हादने त्याचा हात धरला आणि खिडकीपाशी उजेडात नेला. किती वेळ बघत होता. मला वाटलं, आता बोलणार, यासाठी युनि सोडलीस का. निमिषलाही वाटलं असावं, त्याचा जबडा आवळला होता. प्रल्हादने आपली बॅग उघडली, फोड साफ केला, मलम लावलं, पट्टी बांधली. गाठ मारताना विचारलं, "पहाटे किती वाजता उठतोस?"

"दोन वाजता."

"मग झोपतोस कधी?"

"आर्वोला, दुपारी. जमेल तसं."

"आणि आवडतं तुला?"

निमिष मराठीत म्हणाला, "खूप आवडतं, बाबा."

प्रल्हादने मान हलवली. पट्टी आधीच बांधून झाली होती, तरी हात सोडला नव्हता.

१३ जुलै, रविवार

निमिष सतरंजीला घेऊन गेला.

तिथे आता दुसरं घर मिळालंय, प्राणी चालतात. सकाळी नाश्त्याच्या वेळी सांगितलं. मला वाटत होतं म्हणावं, बरी होईपर्यंत राहू दे, आम्ही नीट बघू, आता आम्हाला कळतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ने."

प्रल्हादने गाडीने सोडलं त्यांना बेंडिगोला. मी गेले नाही, पेटीमुळे गाडीत जागा नव्हती. खरं म्हणजे कोपऱ्यात अंग चोरून बसून गेले असते, पण प्रल्हाद म्हणाला, "आम्ही जातो." बाप-लेकाबद्दल 'आम्ही' हा शब्द मला त्याच्या तोंडून ऐकायचा होता.

कार्पेटवर पेटीच्या पायांचे चार खड्डे राहिलेत. आता मी त्याला कशाबद्दल मेसेज करू?

२ ऑगस्ट, शनिवार

चारुता राहायला आली. निमिषच्या खोलीत. हीटिंगची जाळी प्रल्हादनेच उघडली, अडकली होती, स्क्रूड्रायव्हरने. दोघी मुली रात्री जेवताना इतक्या हसतात, की मला घरात कुणीतरी आहे असं वाटतं. मग हसणं थांबतं आणि मी उगीच पाचव्या ताटाकडे हात नेते.

निमिष फोन करतो. बापाला. डाग कसा दिसतो ते सांगायला. बोलणं संपलं की प्रल्हाद फोन माझ्याकडे देतो आणि तोवर निमिषला जायचं असतं.

८ सप्टेंबर, सोमवार

काल पहाटे निमिषचा मेसेज दोघांच्या फोनवर: 'डोळे निळे. बोथ. कम इफ यू वॉन्ट टू वॉच.'

प्रल्हाद अंघोळ न करताच निघायला तयार. म्हटलं, डोळे निळे झाल्यावर आठवडा जातो कात पडायला, तुलाही माहीत आहे आता.

"माहीत आहे. चल."

मी डब्यात मटकीची उसळ आणि पोळ्या घेतल्या. रस्ताभर दोन्ही बाजूंना पिवळी फुलं, वॉटल फुललीये. एकदा तो म्हणाला, "मी तुला सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "हो."

बेंडिगोत पोचलो. दार त्याच्यासोबत राहणाऱ्या मुलाने उघडलं, म्हणाला, निमिष झोपलाय, आज इथला फादर्स डे, त्याच्या ऑर्डरींमुळे काल दुपारपासून उभाच होता. उठवू का?

प्रल्हाद म्हणाला, "नको, नको."

त्या मुलाने आत बसायला सांगितलं, पण तो स्वतः बाहेर निघाला होता. परक्या घरात, मुलगा झोपलेला असताना, आम्ही दोघं कसे बसणार. खोलीचं दार अर्धं उघडं होतं, तिथून मी डोकावले. पालथा झोपला होता, पट्टी सोडलेला हात पलंगाबाहेर. पलीकडे पेटीत सतरंजी, दोन्ही डोळे दुधाळ. मला आत जाऊन पांघरूण नीट करायचं होतं. प्रल्हादने माझ्या कोपराला हात लावला. आम्ही दार ओढून घेतलं आणि गाडीत येऊन बसलो.

बसून राहिलो. ऊन गाडीच्या एका काचेवरून दुसऱ्या काचेवर गेलं. समोरच्या घरातली बाई कुत्र्याला घेऊन गेली आणि परत आली. डब्यातली उसळ गार झाली. प्रल्हादने एकदा सीट मागे केली, पण झोपला नाही, निमिषच्या खिडकीकडे बघत होता. मीही.

शेवटी पडदा हलला. मग दार उघडलं आणि निमिष अनवाणी बाहेर आला, केस उभे, गालावर उशीची घडी. गवतातून चालत गाडीपर्यंत आला आणि वाकून काचेतून आत पाहिलं.

"बाबा? कधी आलात?"

प्रल्हादने काच खाली केली.

"आत्ताच," तो म्हणाला. "हे काय, आत्ताच येतोय."